भाव न करणारे सर

समोर दिसेल ती वस्तू सर उचलायचे, उलटून पाहायचे आणि विचारायचे, "हे कोणाले पाहिजे होतं?" खडू, चपलेचा पट्टा, पाण्याची बाटली, काहीही. नववी-दहावीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवायची त्यांची हीच रीत. धंदा म्हणजे कोणाची तरी अडचण सोडवणं, एवढं एकच त्यांनी हुडकेश्वरच्या त्या शाळेत वर्षानुवर्षं पोरांकडून घोकवून घेतलं. अशी एक गोष्ट धरून बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुरून ती बरी वाटतात. माझी पोरगी त्यांच्या वर्गात होती.

माझं लकडगंजला प्लायवूडचं दुकान. याच बाजारात मी खांद्यावर फळ्या वाहिल्या आणि याच बाजारात गल्ल्यावर बसलो. मधलं सगळं भाव करून कमावलं. सर पहिल्यांदा आले ते वर्गातल्या कपाटासाठी प्लाय घ्यायला. मी भाव सांगितला. त्यांनी लगेच पैसे काढले.

"सर, कमी करा म्हणा ना थोडं."

"काहून? तुम्ही जास्त सांगितले काय?"

मी आपणहून कमी केले आणि दिवसभर नोकरांवर ओरडत राहिलो. भाव न करणारं गिऱ्हाईक आपल्याला चोर ठरवून जातं.

मग एकदा ते अख्खा वर्गच घेऊन आले. मला काउंटरमागे उभं ठेवून पोरांना विचारलं, "यायनं उद्या दुकान बंद केलं त कोणाचं अडते?"

"कोणाचंच नाही सर. लाइनीत अजून दुकानं आहेत ना," एक कार्टं म्हणालं.

पोरं हसली. सर हसले नाहीत. "मंग लोक इथंच काहून येतात?"

माझी पोरगी म्हणाली, "बाबा भांडतात लय. पण फळी खराब निघाली त बदलून देतात."

त्या दिवशी मी सगळ्या वर्गाला समोसे खाऊ घातले. आजूबाजूच्या दुकानदारांना सांगून टाकलं की माझ्यामागे दुकान हीच चालवणार. तिची आई लवकर गेली, दुसरं मूल नाही. रविवारी ती गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाइकाच्या चपला पाहून भाव सांगायची. बापाची पोरगी.

त्याच वर्षी शाळेत आनंद मेळावा भरला. पोरांनी दुकानं लावायची, पोरांनीच चालवायची. बहुतेकांनी तर्रीपोहे ठेवले. माझ्या पोरीनं डोकं चालवलं: झणझणीत तर्री खाल्ल्यावर पाणी लागणारच, आणि शाळेची बोअर बंद. मी एवढंच म्हणालो, "कॅनवाल्याचे सगळेच कॅन उचल. पाणी फक्त तुझ्याकडं दिसलं पाहिजे." दुपारपर्यंत तिच्यासमोर रांग लागली. माझी छाती फुगली.

तेवढ्यात सर स्कूटरवर घरून पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन आले आणि तिच्या शेजारी उभं राहून फुकट पाणी वाटू लागले. रांग तिकडं सरकली.

"सर, पोरीचा धंदा बसवून राहिले तुम्ही."

"तिनं गरज बरोबर ओळखली. मी तिले पैकीच्या पैकी मार्क देतो," ते पेला भरत म्हणाले. "पण पहिलीतलं लेकरू तोंड पोळून रडून राहिलं, खिशात पैसा नाही, अन् पाणी एकाच जागी. मंग तो धंदा नाही राहत भाऊ, नाकाबंदी होते."

"मले शिकवू नका."

"तुम्हाले नाही. तिले शिकवून राहिलो."

ती ऐकत होती. तिनं उरलेला कॅन उचलला आणि त्यांच्या गुंडात रिकामा केला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी ती दुकानात आली नाही. म्हणाली, अभ्यास आहे. त्यानंतर तिला नेहमीच अभ्यास होता. मग पुणं, मग तिथली नोकरी. शटर आजही मीच उचलतो. लोक म्हणतात, सरांनी पोरगी घडवली. मी म्हणतो, शिकवायला उदाहरणच पाहिजे होतं तर दुसऱ्याची पोरगी नव्हती का?

सर रस्त्यात दिसले की मी तोंड फिरवायचो. ते मात्र स्कूटर थांबवायचेच. "पोरगी काय म्हणते?" असं विचारायचे.

"तुम्हालेच माहीत."

खरंच त्यांनाच माहीत असायचं. फोन ती त्यांना करायची. मग तेच ओशाळून सांगत, तिनं घर बदललं, ताप येऊन गेला, आता बरी आहे. मी रागानं फणफणत सगळं ऐकून घ्यायचो. ते किक मारेपर्यंत हलायचो नाही.

मागच्या वर्षी सर गेले. पोरगी रातोरात बसनं आली. त्यांच्या घरी भेटायला येणाऱ्यांना चहा दिला, सतरंज्या झटकल्या, त्यांच्या बायकोजवळ बसून राहिली. दिवाळीला हिला सुट्टी मिळत नाही. निघायच्या दिवशी माझ्या दारात बॅग घेऊन उभी होती. मला राहवलं नाही.

"माह्या वेळेले किती दिवस येशील वं?"

तिनं बॅगची चेन लावली. "बाबा, याचाबी भाव करून राहिले तुम्ही?"

ऑटो वळला. मी फाटक लावून घेतलं. सर असते तर तसाच त्यांच्या घरी जाऊन भांडलो असतो. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला गाठून सांगितलं असतं, पोरगी पोचली म्हणून.