भुऱ्याची आंघोळ

मानपाड्याच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या खोक्यांत भरून शकूचं अंग असं मोडून यायचं, की घरी पोचल्यावर पायातली चप्पल काढायचाही तिला कंटाळा यायचा. आणि दारात वाट बघत बसलेला असायचा भुऱ्या. कुत्रा हौसेनं आणला तिच्या मुलानं, सम्यकनं. लग्न करून तो बाळकुमच्या टॉवरमध्ये राहायला गेला तेव्हा टीव्ही नेला, कपाट नेलं, कुत्रा तेवढा आईकडे ठेवला. ज्याला कुणी वाली नाही ते शेवटी शकूच्याच गळ्यात पडायचं, त्यात हे एक.

आता म्हाताऱ्या भुऱ्याची किडनी बिघडली होती. दिवसाआड सलाईन लावलं तर काही महिने सुखाचे जातील, नाहीतर कठीण आहे, असं डॉक्टर देवयानी म्हणाल्या होत्या. पण लावायचं कसं? दवाखान्याच्या पायरीवरच भुऱ्या चळाचळा कापायचा, टेबलावर मुतायचा, सुई दिसली की दात विचकायचा. भूल द्यावी तर हृदय धड नाही. असंच चाललं तर उपचार थांबवावे लागतील, हे ऐकलं त्या दिवशी शकूला जेवण गेलं नाही.

तिनं आपल्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं. दवाखान्यात जायच्या आधी ती भुऱ्याला मोरीत घेऊन साबणानं खसाखसा चोळायची, पुसून पावडर लावायची. स्वतः आंघोळ करून इस्त्रीची साडी नेसायची. ही शिस्त तिच्या आईची, रमाबाईंची. दवाखाना असो, शाळा असो की कचेरी, चार लोकांत जायचं ते धुतल्या अंगानं. आपल्याकडे बघून नाक मुरडायला कुणाला निमित्त द्यायचं नाही. चाळीतल्या सगळ्याच बायका हे पाळत आल्या होत्या. पाळीवरून येऊन हे उरकताना शकूची कंबर धरायची, पण मळकं कुत्रं घेऊन डॉक्टरांपुढे उभं राहायचं, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

घरून निघताना काय काय करता, असं देवयानी मॅडमनी एकदा विचारलं. शकूनं कौतुकानं सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "काकू, एरवी त्याला आंघोळ कधी घालता?"

एरवी कोण घालतंय? वेळ होता कुठे? बोलता बोलता शकूच्या लक्षात आलं. बादली भरली की सुई टोचणार, हे त्या मुक्या जनावरानं पक्कं ओळखलं होतं. दवाखाना यायच्या आधी घरातच त्याचा जीव अर्धा व्हायचा, आणि तो तिच्याच हातानं. तिला फार वाईट वाटलं.

मॅडमनी सांगितलं, आंघोळ नको, त्याची रोजची गोधडी आणा, दुपारी गर्दी नसताना या, टेबलाऐवजी खालीच बसू. पहिल्या एकदोन खेपांना नुसतं त्याला खाऊ घालून परत जायचं. आणि तुम्हीही आहात तशाच या. बाकी सगळं शकूला पटलं, हे शेवटचं तेवढं जड गेलं.

पहिली पाळी सुटल्यावर ती कामाच्याच साडीत, औषधाच्या वासासकट, भुऱ्याला घेऊन गेली. बाकावरच्या मांजरवाल्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी जवळ ओढली. शकूचे कान तापले. उठून सरळ घर गाठावं असं वाटलं. पण भुऱ्या तिच्या पावलावर हनुवटी टेकून पडला होता आणि कापत नव्हता. ती बसून राहिली.

दोन खेपा अशाच गेल्या. तिसऱ्या खेपेला मॅडम गोधडीशेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या, भुऱ्यापुढे उकडलेलं चिकन ठेवलं आणि तो खात असताना मानेमागे सुई सरकवली. त्यानं अंग आखडलं, शकूकडे पाहिलं. शकू भिंतीला टेकून बसली होती. पहाटेपासून उभी होती बिचारी. बसल्या जागी तिचा डोळा लागला.

सलाईन संपल्यावर मॅडमनी हलकेच हाक मारली. शकू दचकली, पदर सारखा केला, तोंड पुसलं आणि खालच्या आवाजात आधी हेच विचारलं, "मला अशी झोपलेली कुणी बघितलं तर नाही ना, मॅडम?"

"भुऱ्यानं बघितलं," मॅडम म्हणाल्या. "तेव्हापासून तो हलला नाही."

शकूनं त्याच्या मळक्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यानं लगेच उठवेना.