सहाही पिट कोह अंकलना

“मंजिरी, सिक्स पिट, ऑल मिस्टर कोह. हाउ कॅन?”

फोनवर मिसेस लिम होत्या, सिंगापुरात बुकित तिमाहच्या एका काँडोच्या, म्हणजे आपल्याकडच्या बंदिस्त सोसायटीसारख्या वसाहतीच्या, मॅनेजर. त्यांच्या काँडोत बार्बेक्यूसाठी सहा ओटे आहेत, त्यांना तिथे पिट म्हणतात. लाँग वीकएंडच्या शनिवारसाठी सहा घरांनी एकेक पिट मागितला होता आणि सहाही कन्फर्मेशन एकट्या कोह अंकलना गेली होती. बाकीची पाच घरं ऑफिसच्या काउंटरशी जमली होती.

बुकिंगचं सॉफ्टवेअर मी बसवलेलं. ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. काँडोवाले तेव्हा नुकतेच रजिस्टर सोडून फोनवर फॉर्म भरायला लागले होते. वर्कफ्लो ऑटोमेशन हे नाव भारदस्त आहे, काम शिपायाचं. अर्ज आला की मॅनेजरपुढे ठेवायचा, मंजूर झाला की अर्जदाराला कळवायचं.

आता माझा घोळ. अर्जदाराचं नाव, ई-मेल अशी बदलती माहिती ज्यात ठेवतात त्याला व्हेरिएबल म्हणतात. लोकल व्हेरिएबल म्हणजे ज्याचा त्याचा जेवणाचा डबा. ग्लोबल म्हणजे पँट्रीतलं एकच भांडं, शेवटच्याने जे ओतलं तेच सगळ्यांच्या ताटात. नाव आणि ई-मेल मला बुकिंगला, पार्किंगला आणि पाहुण्यांच्या पासलाही लागत होते. तीनदा मांडामांड करायचा कंटाळा आला, म्हणून ग्लोबल ठेवले. टेस्टिंग मी एकटीने केलं. एक अर्ज, एक मंजुरी, एक ई-मेल. मग दुसरा अर्ज. सगळं छान चाललं.

त्या दिवशी नऊला बुकिंग उघडलं आणि पाच मिनिटांत सहा अर्ज आले. प्रत्येकाने आधीच्याचं नाव पुसून आपलं लिहिलं. शेवटी आले कोह अंकल. साडेनऊला मिसेस लिम कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप घेऊन बसल्या आणि त्यांनी सहाही अर्ज एका दमात मंजूर केले.

माझा बॉस जेसन म्हणाला, “रिपोर्टात यूजर एरर म्हणून टाक लाह.”

“पण यूजरने केलं काय?”

“अप्लाय केलं ना.”

मला हसू आलं नाही. माझा एम्प्लॉयमेंट पास दोन महिन्यांत संपत होता. मिसेस लिमनी काम नीट झाल्याचा साइन-ऑफ दिला की रिन्यूअलला टाकू, असं जेसनने सांगितलं होतं. पास नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर सेम्बावांगचा फ्लॅटही नाही. नवरा माझ्याच पासच्या आधारावर इथे होता.

काँडोचा नियम असा, की दिलेलं बुकिंग ज्याच्या नावावर आहे तो रहिवासीच रद्द करू शकतो. म्हणून मी कोह अंकलच्या घरी गेले. जहाजांच्या यार्डात त्यांची सगळी नोकरी स्टोअरकीपर म्हणून झालेली. सहाही ई-मेलच्या प्रिंट काढून, क्लिप लावून त्यांनी टेबलावर ठेवल्या होत्या.

“सिस्टिम सेज माइन,” ते म्हणाले.

“अंकल, सिस्टिम चुकली.”

“हू राँग? सिस्टिम ऑर यू?”

जेसनचं यूजर एरर ओठांवर आलं होतं, पण समोर यूजरच बसला होता. “मी चुकले,” मी म्हणाले.

“गुड. फिक्स ऑलरेडी?”

“हो. आता प्रत्येक अर्जाला स्वतःचं व्हेरिएबल आहे.” मी लॅपटॉपवर एक अर्ज भरून दाखवायला लागले. त्यांनी हातानेच थांबवलं. एकटीने काय दाखवतेस, म्हणाले, आणि मला घेऊन ऑफिसात उतरले. ती पाच घरं धुसफुसत तिथेच होती. अंकलनी त्यांना फोन हातात देऊन ओळीत उभं केलं, स्वतः सहावे झाले. तारीख पुढच्या महिन्याची घेतली.

“वन, टू, थ्री, प्रेस.”

मिसेस लिमनी सहाही अर्ज मंजूर केले. सहाही ई-मेल पुन्हा कोह अंकलना गेले.

“नाउ आय हॅव ट्वेल्व्ह,” ते शांतपणे म्हणाले.

मी फॉर्म बदलला होता, पण ई-मेल पाठवणारी पायरी अजून त्या जुन्या ग्लोबलमधूनच नाव उचलत होती, आणि त्यात अंकल मुक्कामाला होते. मी काउंटरवरच बसले आणि ग्लोबल पुसून टाकलं. तसं केलं की ते जिथे जिथे वापरलंय तिथे सॉफ्टवेअर स्वतःच बोंब मारतं. चार ठिकाणी मारली. सगळे बघत असताना चारही दुरुस्त केली.

पुन्हा वन, टू, थ्री, आणखी पुढच्या तारखेसाठी. या वेळी ज्याचा ई-मेल त्याला गेला.

मग अंकलनी आपली जादा बुकिंग रद्द केली, एकेक, चष्मा वर करून वाचत. पाचही घरांना शनिवारचे पिट मिळाले. मिसेस लिमनी साइन-ऑफचा कागद पुढे ओढला, पण सही करण्याआधी त्यांनी अंकलकडे पाहिलं. अंकलनी मान हलवली, तेव्हाच पेन टेकलं.

माझा पास दोन वर्षांसाठी वाढला. जेसनने रिपोर्टात लिहिलं, ‘रहिवाशांच्या सहभागाने सखोल टेस्टिंग.’ मी तेव्हापासून माझं काम एकटी तपासत नाही. टेस्टिंगला सहा माणसं मागून घेते, आणि त्यातला एक तरी माझ्यावर चिडलेला असेल असं बघते.