पाकळ्या सुट्या की जोडलेल्या

एकोणीसशे साठच्या आसपासची वर्षं. तंजावूरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकत होते आणि मला त्याची खरंच गोडी लागली होती. अनोळखी फूल हाती आलं की ते ब्लेडने उभं चिरायचं आणि पुस्तकातल्या प्रश्नांची वाट धरायची. पाकळ्या सुट्या की जोडलेल्या? पुंकेसर मोजके की पुष्कळ? एकेका उत्तरासरशी बाकीची झाडं गळून जायची. वर्ग, गण, कुल, प्रजाती अशा पायऱ्या उतरत शेवटी एकच जाती उरायची. ती सापडेपर्यंत मला भुकेचीही आठवण नसे.

घरी अप्पा माझ्यासाठी स्थळ शोधायला बसले तेव्हा आधी हसूच आलं, कारण त्यांची रीतही हीच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेले मराठी. स्थळही मराठी बोलणारं हवं, म्हणजे भोवतालचं सगळं तमिळ गाव एका फटक्यात वगळलं. त्यातून देशस्थ, त्यातून आपल्याच वेदशाखेचे, गोत्र मात्र वेगळं. कुंभकोणम, पापनाशम, तिरुवैयारु, सगळीकडची घरं चाळून झाली. कोणाचा मुलगा अजून शाळेत, कोणाचा लग्न झालेला. महाराष्ट्रातलं स्थळ अप्पांना चालेना. तिकडच्यांना आपल्या बोलण्याचं हसू येतं, म्हणायचे. शेवटी उरला तो आईचा धाकटा भाऊ, माझा मामा. आमच्यात भाचीवर मामाचा हक्कच धरतात, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मला वाटलं. मामा ओरत्तनाडूच्या कचेरीत कारकून. त्याच्या सायकलवर पुढे बसून मी शाळेत गेले होते. मी रडले, जेवण टाकलं, मद्रासला जाऊन एम.एस्सी. करायचंय म्हणून सांगून पाहिलं. आई माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "परक्या घरी जाऊन रडण्यापरीस आपल्याच घरी सुखात राहा गं." या मायेशी भांडायचं तरी कसं? दारं सताड उघडी असत आणि माझा जीव गुदमरत असे.

प्रयोगशाळेत एक बरं होतं. शेवटचं वर्णन फुलाशी जुळलं नाही तर एक पायरी मागे जाता येई. मी अप्पांना म्हटलं, निदान शाखेची अट तरी सोडा. त्यांनी पान लावायला घेतलं.

आता सगळी मदार मामावर होती. तो शिकलेला, समजूतदार. तोच नाही म्हणेल असं मी धरून चालले होते. रविवारी तो आला तेव्हा मागच्या अंगणात गाठून मी म्हटलं, "मामा, तू नाही म्हण. तुझं ऐकतील."

तो विहिरीच्या कठड्याला टेकला. "मजला तरी कोणी पुसलं? पापनाशमला शाळेत एक टीचर आहे. तमिळ. तिच्याशी लग्न करतो म्हटलं, तर अक्का म्हणाली, जीव देईन."

अक्का म्हणजे माझी आई. तो आपणहून नाही म्हणत नाही म्हणून तोवर मला निदान त्याच्यावर चिडता येत होतं, आता तेही राहिलं नाही. आतून आईने कॉफीला हाक मारली आणि आम्ही दोघं आत गेलो.