जायफळाची दोन घरं

"सोमवारी जेसीबी येतलो. काय असात तां आदी सांगा," इनासने मला बागेच्या तोंडाशीच सुनावलं.

बांद्याजवळच्या त्याच्या बागेत सुपारीच्या सावलीला जायफळाची झाडं उभी होती. फुलांनी लगडलेली, पण फळ औषधालाही नाही. ती उपटून त्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. झाडं लावली होती त्याच्या बायकोने, रोझीने. पोरांसारखी वाढवलेली. ती माझं तोंड बघत उभी होती.

मी कृषी खात्यातली. साहेबांनी फोनवर बजावलं होतं, "उगाच आशा लावू नका. खताची शिफारस करा आणि या."

खत कशाला? झाडांची तब्येत माझ्यापेक्षा बरी होती! मी एक फूल तोडून नखाने चिरलं. आत फक्त स्त्रीकेसर. दुसऱ्या झाडावर तेच, तिसऱ्यावरही तेच.

"रोपं कसली आणली होती?"

"कलमां," रोझी म्हणाली. "बरी फळां धरणाऱ्या झाडांचीच. निवडून हाडलंय."

तिथेच घोळ होता.

"जायफळ डायोशियस असतं," मी म्हटलं.

"ह्यो खंयचो रोग?" इनास दचकला.

"रोग नव्हे. मूळ ग्रीक शब्द, अर्थ दोन घरं. आपल्या पुस्तकांत विभक्तलिंगी म्हणतात. नर फुलं एका झाडावर, मादी फुलं दुसऱ्यावर. आंब्याला हा शब्द लागत नाही, जायफळाला लागतो. फळ देणारं झाड मादी, म्हणून त्याचं कलमही मादी. तुमच्या बागेत सगळ्या नवऱ्या आहेत, नवरा एकही नाही."

"आणि मी चर्चातल्या सायबिणीक मेणबत्ती पेटयतंय!" रोझीला हसू आवरेना.

इनास मात्र हिशेबी. "नराक फळां धरतत?"

"नाही."

"मगे तेका कित्याक पोसूचो?"

"वेगळं झाड नकोच. दोन-चार झाडांवर नराची काडी कलम करू."

आता रोझी पुढे झाली. "सोमवारी जेसीबी इलो तर माझ्या आंगावरसून घालूचो लागतलो!"

इनासने फोन काढला आणि जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलं.

सावंतवाडीकडच्या एका बागायतदाराकडे नर झाड सापडलं. फळत नाही म्हणून तो ते तोडायलाच निघाला होता. ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून आणल्या आणि मी स्वतः कलमं बांधली.

तिसऱ्या वर्षी रोझीने मला बागेत बोलावलं. फळं उकलून आतली लालभडक जायपत्री दिसत होती. इनास पाहुण्यांना बाग दाखवत होता, जणू सगळी त्यानेच लावली. रोझीने माझी ओंजळ भरली. मला इतका आनंद बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

तात्पर्य एवढंच. झाडाला नावं ठेवण्याआधी त्याची सोयरीक झाली आहे का, ते बघावं.