पाय पेटीवर

चक्कर येऊन पडणाऱ्या माणसाला किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. आपण पडतो आणि बाकीचे किस्सा घेऊन उठतात! देवगडच्या आमच्या आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये माझे किती जमलेत, विचारू नका.

पहिल्यांदा पडले ती पेटी भरता भरता. एकीने नाकाला कांदा लावला, दुसरीने चप्पल. मी ढिम्म! मग पेट्यांना खिळे मारणारे आप्पा म्हणाले, "हापूस लावा गो नाकाक. हापूसाच्या वासान उठूक नाय, तर मगे डॉक्टर!"

मी डोळे न उघडताच पुटपुटले, "आप्पा, हो पायरी आसा."

"शुद्धीर इला!" आप्पा ओरडले.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. फार वेळ उभं राहिलं, उकडलं, पाणी कमी पडलं की तुमचा रक्तदाब झटकन उतरतो. कान गुणगुणायला लागले की असाल तिथे आडव्या व्हा, पाय उंच ठेवा."

सोबत सुमनकाकी होती. शेडमधली सगळ्यांत जुनी बाई, नऊवारीतली, चारचौघांत मोठ्याने हसणंही तिला पटत नाही. ती म्हणाली, "भर बाजारात बायमाणसान पाय वर करून निजाचा? डॉक्टरानु, तुमी मुंबयचे काय?"

मग सुरू झाली राखण. मी संडासात गेले तरी काकी दाराबाहेर उभी.

"माधवी, आसंस गो?"

"आसय!"

"मगे बोलत रव!"

काय बोलणार? मी आतून गणपतीची आख्खी आरती म्हटली. बाहेर काकीने टाळ्यांचा ठेका धरला!

हसतेय खरी, पण आतून मी खचले होते. बाजार सोडला, एसटी सोडली. पडणं दोन मिनिटांचं, भीती मात्र दिवसभर सोबत असायची. आणि आडवं पडायची लाज तर त्याहून मोठी. पुढच्या सीझनला यायचंच नाही असं ठरवलं होतं. काकी घरी येऊन हाताला धरून घेऊन गेली.

सीझनच्या पहिल्या दिवशी शेडमध्ये नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. आप्पांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ह्या आमच्या माधवीक यंदा पडाची पाळी हाडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या बाया.

"आणि पडलाच, तर पेंढ्यार पडांदे, आंब्यार नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

मी हसून हसून खाली बसले. घरी परत गेले नाही.

तेव्हापासून शेडमध्ये कायदाच झाला. माझे कान गुणगुणले की मी पेंढ्यावर आणि माझे पाय रिकाम्या पेटीवर. एकदा मुंबईचा व्यापारी आला, मला बघून दचकला. "ह्यांना काय झालं?"

काकी हातातला आंबा पुसत म्हणाली, "काय नाय. अढीत घातला आसा. पिकला काय उठतला!"

पण ते शेडमध्ये. बाहेर लोकांसमोर आडवं पडायचं धाडस मला कधीच झालं नाही.

गेल्या मे महिन्यात आप्पांच्या नातीचं लग्न होतं. भर दुपार, हॉल गच्च भरलेला. आहेराच्या रांगेत उभी असताना कान गुणगुणले, घाम फुटला. समोर अख्खा गाव! आडवं व्हायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मी दाराकडे निघाले, पण दार फार लांब होतं. काकीचा हात घट्ट धरला.

काकीने माझ्याकडे बघितलं. दोन खुर्च्या ओढल्या. नऊवारी सावरली आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच सतरंजीवर उताणी झाली, पाय खुर्चीवर!

"ये गो बाय. माकाय जरा पडूचा आसा."

मी तिच्या शेजारी पडले. मागोमाग शेडच्या चार बाया आल्या. प्रत्येकीने आपापली खुर्ची आणली.

फोटोग्राफर धावत आला. "काकी, उठा गो! फोटो काढूचो आसा."

काकी पडल्या पडल्या पदर नीट करत म्हणाली, "काढ रे असोच. पाय मात्र सगळ्यांचे येवक होये!"