अंगठ्यावरचा भार

झोपेत सुशिलाबाईचे पाय चिखलात असत. धानाच्या बांधीतल्या पाण्यात आभाळ उतरलेलं, पाणी कोमट, आणि ती मागे मागे सरकत परहे, धानाची कोवळी रोपं, रोवत चाललेली. पाऊल उचललं की चिखल ते हलकेच सोडून देई. स्वप्नातल्या त्या डाव्या पायाला कधी हाड वाढलेलं नसे, कधी टाके पडलेले नसत. जाग आली की ती आधी अंगठा हलवून बघे.

कामठ्यात तिची घरची धानशेती. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर यायला लागलं त्याला वीसेक वर्षं झाली. अंगठा शेजारच्या बोटावर रेलला आणि चप्पल चढेना, तशी ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागली. हिवाळ्यात गोंदियाच्या डॉक्टरांनी हाड कापून सरळ केलं, आत स्क्रू बसवला. पाय देखणा झाला. उन्हाळा लागला तसं दुखणं मात्र अंगठा सोडून दुसऱ्या बोटाखाली जाऊन बसलं.

"हाड सरकलं वाटते, माय," सून रिंकी म्हणाली आणि तिला परत दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहिला. मग पाऊल ओलं करून तिला फरशीवर चालायला लावलं. दुसऱ्या बोटामागे ठसा गच्च उमटला होता. अंगठ्याच्या जागी नुसती ओल.

"हड्डी ठीक है, माताजी. पण अंगठ्यावर तुम्ही वजनच टाकत नाही. पाऊल उचलतानाचा जोर अंगठ्याने लावायचा असतो. तो कामचोर झाला की शेजारचं बारीक हाड ओझं उचलतं. असंच चाललात तर त्याला तडा जाईल."

"अन् अंगठ्यावर टाकलं, तं स्क्रू तुटन ना!"

"नाही तुटणार. हाड जुळलंय. आता त्याला काम द्या."

पावसाळ्यात धानाच्या लावणीला, रोवण्याला जायलाही त्यांनी हरकत घेतली नाही. पण अंगणात सराव करताना पाऊल आपोआप बाहेर कलंडे. हाड गेलं होतं, सवय राहिली होती.

रोवणा आला. रोवणाऱ्या बायकांच्या रांगेत उभं राहायचं की बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून परह्यांच्या जुड्या फेकायच्या, एवढाच प्रश्न होता. एकदा धुऱ्यावर बसलेली बाई पुन्हा रांगेत आलेली सुशिलाबाईने कधी पाहिली नव्हती. ती रांगेत उतरली.

पाणी स्वप्नातल्यासारखंच कोमट होतं. पाऊल दिसत नव्हतं, दुखणंही दूर कुठे तरी वाजत होतं. ढग तिच्या हातांखालून सरकत होते आणि ती त्यांच्यात परहे खोवत होती. किती वेळ, ते तिला कळलं नाही. मान वर केली तेव्हा रांग मागे सरकत दूर निघून गेली होती, आणि बायकांनी तिच्या चारी बाजूंनी रोवून टाकलं होतं.

"फसली! बाई फसली!" तिची धाकटी जाऊ दुलारी ओरडली. "काऊन वं बाई, झोपून राहिली होती का?"

हा दरवर्षीचा खेळ होता. मागे राहिलेलीला परह्यांत कोंडायचं. तिने एकाच ढांगेत रोपं ओलांडून बाहेर यायचं. रोप मोडलं तर धुऱ्यावर बसायचं.

"राहू दे माय, मी येतो," रिंकी म्हणाली.

"तू कायले येतेस? तिथंच राह्य," सुशिलाबाईने सुनेला बजावलं.

सुशिलाबाईने उजवा पाय उचलला. सगळा देह डाव्यावर आला आणि पाऊल सवयीने बाहेर कललं. दुसऱ्या बोटाखाली कळ उठली. ती डगमगली. धरायला कुणी नव्हतं. तिने कंबर आत घेतली. भार सरकत सरकत अंगठ्यावर आला. अंगठा रुतला, आणखी रुतला, आणि खाली घट्ट माती लागली. तिथे तो थांबला. काहीही तुटलं नाही. तिने जोर दिला आणि ढांग टाकली.

दुलारी वाकून बघायला आली. "हे पाहा, एक मोडलं."

"वाकलं," सुशिलाबाई म्हणाली. "जुडी दे इकडं."