दारात आलेल्या बाईला अर्धी गोळी

मंगळवारी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मनोविकारांची ओपीडी असते. डॉक्टर जिल्ह्याहून येतात आणि दुपारी दोनला परत जातात. त्यानंतरचं सगळं माझ्याकडे: गोळ्या समजावणं, नोंदी, फोन. आमचा भाग सीमेवरचा, सरकारी रजिस्टर कन्नडात असतं, माझी स्वतःची वही मराठीत. वीस वर्षांत त्या वहीतली एक ओळ कधी चुकली नव्हती.

चिंतेच्या आजाराला बहुतेकदा दोन गोळ्या मिळतात. सकाळची हळू काम करते. दोन-तीन आठवडे काही जाणवत नाही, म्हणून लोक नेमकी तीच सोडतात. रात्रीची लवकर छाती शांत करते, म्हणून ती सगळ्यांना हवी असते. पण तिची सवय लागते. ती थोडेच दिवस द्यायची आणि टप्प्याटप्प्यानं कमी करायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर मी सूर्य आणि चंद्र काढून देते.

एक अक्का मन्नाएखेळ्ळीच्या बाजूच्या एका खेड्यातून यायच्या. साठीच्या, नवरा गेलेला, दोन्ही मुलं हैदराबादला. दिवेलागणीला धडधड सुरू व्हायची, आता आपण मरतो असं वाटायचं. इसीजी तीनदा काढला, तिन्ही वेळा चांगला आला. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या लिहिल्या. लिंगपूजा होईपर्यंत त्या पाणीही तोंडात घेत नसत, म्हणून मी सकाळची गोळी सातऐवजी नऊला लावून दिली. आपण सगळं विचारलं, असं मला वाटलं होतं.

रात्रीच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या दिल्या होत्या. अक्का पुढच्याच मंगळवारी रिकामी पट्टी घेऊन आल्या.

"अक्का, दोन-दोन खायलाव का?"

"न्हाई ओ सिस्टर. मी तर अर्धीच खायलाव."

मग हळूहळू उलगडलं. शेजारच्या तिघी संध्याकाळी त्यांच्याकडे बसायला येत. चौघींना अर्धी अर्धी, म्हणजे रोजच्या दोन. "दारात आलेल्या बाईला मोकळ्या हातानं कसं लावून द्यायचं? चहा देते, सुपारी देते, तसलीच अर्धी गोळी. एकजण तर दोनदा येत्याय बघा, एकदा चहाला अन् एकदा काय तरी विसरलं म्हणून." गोळी हातपाय दुखण्याची आहे, झोप बरी लागते, असं त्यांनी तिघींना सांगून ठेवलं होतं.

तिघींपैकी कुणाला दमा आहे का, हे मी विचारलं. एकीला होता. ती खोकल्याचं औषधही घ्यायची, झोप आणणारं. त्यावर ही गोळी म्हणजे श्वास मंद होण्याचा धोका. तो धोका मला आजही खराच वाटतो. मी अक्कांना आठवड्याच्याच गोळ्या दिल्या आणि दर मंगळवारी यायला सांगितलं.

गुरुवारी त्या बाजूला माझी फेरी होती. तिघींना अक्कांच्या ओसरीवर बसवलं. काय काय सांगायचं ते जीपमध्येच कागदावर लिहून काढलं होतं. दुसऱ्याचं औषध घ्यायचं नाही. दम्याला हे चालत नाही. झोप येत नसेल तर स्वतः दवाखान्यात यायचं. तिसरा मुद्दा संपवता संपवता मी म्हणाले, "ही मनाच्या आजाराची गोळी आहे, ज्याची त्यानंच घ्यायची."

अक्का आत चहा गाळत होत्या. त्यांनी चारही कप भरले, फक्त वर पाहिलं नाही. दमावाल्या बाईनं आपला कप खाली ठेवला.

"येड्याची गोळी खायला घातलीस व्हय ग आम्हाला?"

रुग्णाचा आजार तिऱ्हाइताला सांगायचा नाही, हे मी दर वर्षी नव्या सिस्टरांना फळ्यावर लिहून शिकवते. त्या दिवशी तेवढंच एक कागदावर नव्हतं. तिथून निघाल्यावर मी जीपमध्ये पुढचं गाव कुठलं ते दोनदा विचारलं.

पुढच्या मंगळवारी अक्कांच्या पट्टीत एकही गोळी कमीजास्त नव्हती. आता पुरी घेत होत्या, तरी धडधड वाढली होती. संध्याकाळी कोण येतं, असं विचारलं.

"कुणी येईना."

मी माफी मागितली. नेहमी मी अशी थांबत नाही, बाहेर रांग असते. त्या म्हणाल्या, "चुकलं कुठं तुमचं? तुमी खरं तेच सांगितलाव." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पुन्हा त्या गावी गेले. तिघींच्या घरी वेगवेगळी बसले. ही गोळी मास्तर घेतात, पोलीस घेतात, यात वेड्याचं काही नाही, असं सांगितलं. तिघींनी मान हलवली. दमावालीच्या सुनेनं चहा विचारला, पण तिच्या सासूनं तिला आत बोलावून घेतलं. अक्कांकडे मात्र गेली कुणीच नाही.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, माझी चूक धरून. त्यांनी गोळी वाढवली नाही. विचारपूस ठेवा म्हणाले. विचारपुशीचा फोन आठवड्यातून एकदा करायचा असतो. अक्कांचं नाव मी रोजच्या यादीत घातलं, संध्याकाळी सातला.

सातला मी दवाखान्यात नसते. बसस्टँडमागं माझी भाड्याची एक खोली आहे. शेगडीवर भात ठेवते आणि फोन लावते. गोळी घेतली का, धडधड किती, जेवलाव का. हे विचारून व्हायला दोन मिनिटं लागतात. मग त्या गावातलं काही सांगतात, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या दारात मांडव पडला. स्वतः तिथं गेल्या नव्हत्या, ते सांगत नाहीत. सांगण्यासारखं संपतं. फोन मात्र कुणी ठेवत नाही.

"अजून ड्युटीवरच हायव का सिस्टर?" त्या एकदा म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

"मग घरी कोण वाट बघत असंल की. ठेवू का?"

"राहू द्या अक्का. आज रांग नाही," मी म्हणाले आणि शेगडी बारीक केली.